स्लॅब पडण्याआधी गरम पाण्याचा विचार करा

कुवेतमध्ये मे महिना लागला की आम्ही गीझर बंद करतो आणि गार पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने इतकं तापलेलं असतं की नळाखाली हात धरवत नाही. गीझरची टाकी मात्र घरात, एसीच्या गारव्यात असते. तिच्यात रात्रभर राहिलेलं पाणी सकाळपर्यंत अंगावर घेण्याजोगं होतं. भारतातून नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी हे शिकवतो. ऑक्टोबर संपेपर्यंत असंच चालतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. मग तेच गीझर चोवीस तास चालू राहतात. कोणी बटण बंद करत नाही, कारण बिल कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

मी संगमेश्वर तालुक्यातला. शुऐबाच्या औद्योगिक वसाहतीत लॅगिंगचं काम करून घेतो. वाफेच्या आणि गरम तेलाच्या पाइपांभोवती रॉकवूल किंवा कॅल्शियम सिलिकेटचं आवरण बांधायचं, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, जोडावर सिलंट भरायचं. पाइपाला गोधडीत गुंडाळण्याचंच हे काम. नीट केलेलं लॅगिंग उघड्या पाइपातून जाणाऱ्या उष्णतेचे दहातले नऊ हिस्से आत राखतं. म्हणूनच एखाद्या फ्लँजवरचं, म्हणजे पाइपांच्या जोडावरचं, आवरण दुरुस्तीसाठी काढलं आणि तसंच राहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची नोंद होते, परमिट निघतं, माणसं जातात. हातभर उघड्या पाइपातून वाफेचे, म्हणजे इंधनाचे, किती पैसे उडून जातात ते कारखान्याला पक्कं ठाऊक असतं. दिवसभर हे काम करून खोलीवर यायचं आणि न्हाणीघरात छताखाली टांगलेला गीझर, त्याचे उघडे पाइप बघायचे, हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे.

शुऐबाबद्दल थोडं सांगायला हवं. कुवेत शहरापासून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर समुद्राला लागून ही वसाहत आहे. 1960 च्या दशकात ती उभी राहिली. बंदर, पेट्रोकेमिकलचे कारखाने, 1968 साली सुरू होऊन 2017 मध्ये बंद झालेली रिफायनरी, आणि वीज व पाणी एकत्र तयार करणारी केंद्रं इथे आहेत. कुवेतला नदी नाही, तळं नाही. एके काळी इथलं पिण्याचं पाणी शत्त-अल-अरब नदीच्या मुखातून गलबतांत भरून यायचं. 1953 साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा प्रकल्प झाला आणि 1965 च्या सुमारास शुऐबाला. पद्धत अशी: वीज बनवणाऱ्या टर्बाइनमधून काढलेल्या वाफेने खारं पाणी नव्वद अंशांच्या वर तापवायचं, मग ते एकामागून एक कमी दाबाच्या कप्प्यांतून सोडायचं. प्रत्येक कप्प्यात थोड्या पाण्याची वाफ होते, ती थंड नळ्यांवर निवते आणि गोडं पाणी जमा होतं.

म्हणजे माझ्या बादलीतलं पाणी माझ्यापर्यंत येण्याआधी इंधन जाळून एकदा तापवलेलं असतं. मग ते गार होऊन मैलोन्मैल पाइपांतून येतं, गच्चीवर चढतं, आणि आम्ही इंधनापासून बनलेल्या विजेवर ते पुन्हा तापवतो. जगात कुठेही पाणी तापवायला वीज वापरणं महाग पडतं. इथे तर दुहेरी महाग पडतं. फक्त आम्हाला ते जाणवत नाही. कुवेती नागरिकांच्या घरांसाठी विजेचा दर 1966 पासून युनिटला 2 फिल्स आहे, आपल्या हिशेबात अर्ध्या रुपयाच्या आसपास. आम्ही राहतो तसल्या भाड्याच्या इमारतींना 2017 पासून 5 फिल्स. प्रत्यक्ष खर्च याच्या कितीतरी पट आहे आणि तो सरकार सोसतं. तेलाच्या या देशाला आपल्या वीजकेंद्रांसाठी 2009 पासून बाहेरून द्रवरूप नैसर्गिक वायू आणावा लागतो. जून 2024 मध्ये तर मागणी पुरवता न आल्याने ठरवून दोन-दोन तास वीज तोडावी लागली. तो ताण एसीचा होता, गीझरचा नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. हिवाळ्यातले गीझर बंद करून उन्हाळ्यातली टंचाई मिटणार नाही. पण हिवाळ्यात जळलेलं इंधनही इंधनच, आणि तेव्हाही गच्चीवर ऊन असतंच.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकांना का सांगतो आहे? कारण इथली सवय आम्ही गावी नेतो आहोत.

कुवेतमधल्या फहाहील, मंगाफ, महबूला, अबू हलीफा या पट्ट्यात रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली खूप माणसं राहतात. खेड-चिपळूणचे मुसलमान बांधव तर दोन-तीन पिढ्यांपासून या किनाऱ्यावर आहेत. यातल्या बहुतेकांच्या मनात एक घर असतं, गावी बांधायचं. जुन्या कौलारू घराच्या जागी आरसीसीचं, दुमजली, तीन किंवा चार बाथरूमचं. प्रत्येक बाथरूमला पंचवीस लिटरचा गीझर, शॉवर, वॉश बेसिनलाही गरम नळ. नकाशा व्हॉट्सअॅपवर येतो, टाइल्सचे फोटो येतात, दरवाज्याचं सागवान कोणतं यावर आठवडाभर चर्चा चालते. गरम पाणी कुठून येणार आणि किती लांबून येणार, यावर एक शब्द नसतो.

महबूलात राहणारा माझ्याच तालुक्यातला एक तरुण असंच घर बांधतो आहे. मी त्याला चार गीझरचं विचारलं तर म्हणाला, "दादा, बिल परवडतं. मी इथे कमावतो कशाला?" त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. "तू इथे आहेस तोवर परवडेल रे. इथे आपल्याला पेन्शन नाही. इकामा (इथला राहण्याचा परवाना) संपला की परत जायचं आहे. हे घर तुझ्या कुवेतच्या पगारावर बांधून होईल, पण त्या पगाराशिवाय तुला त्यात तीस वर्षं राहायचं आहे." दिनारावर बांधलेलं घर रुपयांवर चालवता आलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि गरम पाणी ही त्याची सुरुवात आहे, कारण कोकणातल्या घरात एसी नसला तरी चालतं, आंघोळीला ऊन पाणी रोज लागतं.

हिशेब करू. वीस लिटरची बादली 25 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला साधारण 0.4 युनिट लागतं. पाच माणसांना दिवसाला 2 युनिटं, महिन्याला 60. हे झालं फक्त अंगावर पडणाऱ्या पाण्याचं. त्यात गीझर दिवसभर चालू ठेवल्याने भिंतीतून निघून जाणारी उष्णता मिळवा. मग पाइपातली. गीझरपासून नळापर्यंत पंधरा मीटरची पाऊण इंची लाइन असेल तर तिच्यात जवळजवळ पाच लिटर पाणी मावतं. गरम पाणी येईपर्यंत तेवढं गार पाणी आपण मोरीत सोडतो, आणि आंघोळ झाल्यावर तेवढंच तापलेलं पाणी पाइपात थंड होत पडून राहतं. प्रत्येक माणूस वेगळ्या वेळी आंघोळीला गेला की प्रत्येक वेळी हे. तीच लाइन अर्धा इंची ठेवली तर पाणी निम्म्यावर येतं. तीच लाइन चार मीटरवर आणली तर प्रश्नच उरत नाही. यासाठी कोणतंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. बाथरूमं एकावर एक किंवा पाठीला पाठ लावून घ्यायची, स्वयंपाकघर त्यांच्या शेजारी, टाकी बरोबर त्यांच्या वर. हे नकाशावर पेन्सिलने होतं. स्लॅब पडल्यावर आणि टाइल्स बसल्यावर होत नाही.

महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांनंतर दर एकदम चढतो. गावच्या साध्या घराचं बिल त्या रेषेच्या आत राहतं. गीझर आले की ते ओलांडतं. म्हणजे गीझरचं प्रत्येक युनिट महागड्या दरानेच मोजावं लागतं. गावाकडे सकाळी व्होल्टेज पडतं तेही यातच धरा. सगळ्यांच्या आंघोळीची वेळ एक, सगळ्यांचे गीझर एकाच ट्रान्सफॉर्मरवर.

माझ्या आईने आयुष्यभर तांब्याच्या बंबावर पाणी तापवलं. झावळ्या, करवंट्या, चिव्याच्या काटक्या. त्या बंबाची आठवण काढून हळवं होणारी माणसं मला भेटतात. त्यांनी पावसाळ्यात ओली लाकडं फुंकलेली नसतात. आईच्या खोकल्याला तो धूर कारणीभूत होता असं मी मानतो. त्यामुळे बंबाकडे परत चला असं मी म्हणणार नाही. परंतु त्या बंबात एक गोष्ट होती: इंधन डोळ्यांना दिसायचं, म्हणून कोणी गरजेपेक्षा जास्त पाणी तापवत नसे.

मग काय करायचं? कोकणात वर्षातले सातआठ महिने सौर बंब उत्तम चालतो. पाच माणसांच्या घराला दोनशे लिटरचा पुरतो, पाहुण्यांसकट. केंद्र सरकारच्या पुस्तिकांमध्ये शंभर लिटरच्या सौर बंबामुळे वर्षाला सुमारे 1500 युनिटं वाचतात असं लिहिलेलं असतं. तो आकडा रोज सगळं पाणी पूर्ण तापवून वापरलं तर खरा. मी पावसाळा वजा करून आणि आपली आंघोळ मोजून निम्मंच धरतो, आणि निम्मं धरूनही तो आपला पैसा काही वर्षांत परत करतो. पुढची दहा-बारा वर्षं ऊन फुकट.

कोणता घ्यायचा, यावर मात्र दुकानदाराचं ऐकू नका. काचेच्या नळ्यांचा सौर बंब स्वस्त असतो आणि हिवाळ्यात चांगला तापतो, पण आमच्याकडे गच्चीवर माकडं आहेत. आंबा-फणसाच्या हंगामात त्यांच्या टोळ्या घरांवरून जातात आणि एकेक नळी फुटत जाते. गावात रिकाम्या चौकटींचे सांगाडे उभे आहेत ते मी पाहिले आहेत. जिथे वानरांचा वावर आहे तिथे टफन्ड काचेचा सपाट पॅनेल घ्यावा, आत तांब्याच्या नळ्या असलेला. समुद्राजवळ असाल तर चौकट आणि नटबोल्ट गंजणार नाहीत असे घ्या. खाडीकाठच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर आत थर बसतो. वर्षातून एकदा साफ करायची सोय आधीच ठेवावी. आणि टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपाला लॅगिंग करा. सौर बंब बसवणारी माणसं हे नेहमी सोडून देतात, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. काळ्या फोमच्या नळीचं आवरण बाजारात मिळतं. उन्हात ते दोन वर्षांत भुगा होतं, म्हणून वरून पत्रा किंवा जाड टेप हवी. या एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे. सगळा खर्च करून तापवलेलं पाणी शेवटच्या वीस फुटांत गार होऊ द्यायचं, याला काही अर्थ नाही.

ठाण्यात माझे नातेवाईक ज्या सोसायटीत राहतात तिथे नेमकं हेच झालं. ठाणे महापालिकेने नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचे करण्यात महाराष्ट्रात पुढाकार घेतला होता; पुणे महापालिका अशा सोयींसाठी मिळकतकरात सवलत देते. नियम चांगले आहेत. पण या इमारतीत पाणी बारा मजले उघड्या पाइपातून उतरायचं. वरच्या तीन मजल्यांना गरम मिळायचं, वरून चौथ्याला कोमट, तळमजल्यावर बादलीभर सोडून दिलं तरी गारच. त्यामुळे खालच्यांनी आपापले गीझर लावले, मग देखभालीचे पैसे द्यायला नकार दिला, आणि आता गच्चीवरचे पॅनेल धूळ खात पडले आहेत. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रापुरतं काम केलं आणि तपासणाऱ्याने पॅनेल मोजले, तळमजल्याच्या नळाखाली हात धरून पाहिला नाही. अशा इमारतीत छोट्या पंपाने गरम पाणी सतत फिरतं ठेवणारी परतीची लाइन आणि सगळ्या पाइपांना आवरण, एवढं केलं असतं तर ते आजही चालत असतं.

हे जमतं, याचं उदाहरण भूमध्य समुद्रात आहे. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब तेल-निर्यातदार देशांच्या मंत्र्यांची बैठक कुवेतमध्येच झाली आणि तिथून तेलकपातीचा निर्णय निघाला. सगळ्या जगाचं तेल महागलं. सायप्रससारख्या लहान, स्वतःचं तेल नसलेल्या देशात सौर बंब आधीपासून बनत होते. तेल महागल्यावर ते घरोघर गेले आणि तेल पुन्हा स्वस्त झाल्यावरही गच्चीवरून उतरले नाहीत. आज तिथल्या दहातल्या नऊ घरांवर सौर बंब आहे. आपल्याला इतकी टंचाई यायची वाट पाहण्याचं कारण नाही.

आता लोक म्हणतात, सौर बंब कशाला, सरळ सोलर पॅनेल लावून वीजच बनवू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ती योजना चांगलीच आहे. पण वीज दुपारी बनते आणि गीझर सकाळी सहाला लागतो. मधला वेळ महावितरणचं जाळं सांभाळतं, आणि ती सोय आज आहे तशीच कायम राहील असं धरून घर बांधू नये. सौर बंब दुपारचं ऊन टाकीत साठवून सकाळी देतो, त्याला जाळं लागत नाही. ज्यांच्याकडे पॅनेल आहेतच, किंवा गच्चीवर जागा नाही, किंवा देवरूख-साखरप्यासारख्या ठिकाणी चार महिने सूर्य दिसत नाही, त्यांनी हीट पंपाचा विचार करावा. एसीचंच तंत्र: हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडायची. एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. थंड देशांत बर्फात याची दमछाक होते. आपल्या कोकणची हवा उबदार आणि दमट, तिथे तो सुखाने चालतो. दुपारी चालेल असा टायमर लावला की घरच्याच पॅनेलची वीज त्याला पुरते. महाग आहे, दुरुस्ती करणारे तालुक्याच्या गावात अजून कमी आहेत, म्हणून घेताना सर्व्हिसचं आधी विचारा.

स्वस्तात म्हणून गॅस गीझर घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो: तो बंद बाथरूमच्या आत कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात यामुळे माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यात नुकतंच लग्न झालेली जोडपी असतात, शाळकरी मुलं असतात. लावायचाच तर भिंतीबाहेर, उघड्यावर.

ज्यांचा गीझर आहे तोच राहणार आहे त्यांनीही थर्मोस्टॅट 60 अंशांवर आणावा. त्याखाली नको, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू, झाल्यावर बंद.

कुवेतमधल्या आमच्या लोकांबद्दलही लिहायला हवं. 12 जून 2024 ला मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात किमान 45 भारतीय गेले. आगीचं कारण शॉर्ट सर्किट होतं. गीझरचा तिच्याशी संबंध नव्हता. तरी त्या दिवसापासून मी भरगच्च खोल्यांतल्या वायरींकडे वेगळ्या नजरेने बघतो. हिवाळ्यात एका बाथरूमवर आठ-दहा माणसं, पहाटे पाचची बस, फजरच्या नमाजाआधी वजूला गरम पाणी हवं असलेले, पूजेआधी आंघोळ करणारे. गीझर पुरत नाही म्हणून कोणी बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, पाणी तापवायचा रॉड आणतो आणि खोलीतच बादलीत सोडतो. हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, बघून न बघितल्यासारखं करतो, कारण त्याच्याकडेही दुसरा उपाय नाही. या इमारतींच्या गच्च्या मोकळ्या आहेत आणि जानेवारीतही इथे दुपारी स्वच्छ ऊन असतं. एक सामाईक सौर बंब, नीट लॅगिंग केलेली लाइन, आठवड्याला धुळीचा थर पुसायला एक माणूस. तूज, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेलं की लगेच. कामगारांची निवासस्थानं भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांनी करारात ही अट घातली तर रॉड आपोआप खोल्यांतून जातील. आमच्यातले जे सुपरवायझर, कॅम्प बॉस, एचएसईचे, म्हणजे सुरक्षा विभागाचे, लोक आहेत त्यांनी हा विषय सेफ्टीच्या बैठकीत मांडावा. वीजबचतीचा म्हणून कोणी ऐकणार नाही. सुरक्षेचा म्हणून ऐकतील.

कोकणात दिवाळीनंतर पुन्हा स्लॅबची कामं सुरू होतील. ज्यांचं घर त्या यादीत आहे त्यांनी या आठवड्यात आपल्या इंजिनिअरला फोन करून तीन गोष्टी नकाशावर मागाव्यात: गच्चीवर दक्षिणेला, झाडाची सावली पडणार नाही अशी, दोनशे लिटरची टाकी आणि पॅनेल मावतील एवढी जागा व तिचं वजन पेलणारा आधार, तिथून सगळ्या बाथरूमना जाणारी गरम पाण्याची एकच आखूड लाइन, तिची लांबी मीटरमध्ये लिहून, आणि त्या लाइनीला भिंतीत बुजवण्याआधी आवरण. लाइन भिंतीत बुजवण्याआधी तिचे फोटो काढून पाठवायला सांगा. आवरण दिसत नसेल तर प्लास्टर करू देऊ नका.